अप्पू गेला, एशियाड राहिली

कल्याण सोडलं की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशनं एकामागून एक येतात. या पट्ट्यातला माणूस रोजचा प्रवास लोकलने करतो आणि गावी जायचं झालं की कल्याणच्या नाहीतर विठ्ठलवाडीच्या एस.टी. स्थानकावर येतो. तिथे वर्षानुवर्षं एक प्रश्न ठरलेला: साधी आहे की एशियाड? महामंडळाच्या कागदांवर त्या दुसऱ्या गाडीचं नाव 'निमआराम'. पुढे तिला 'हिरकणी' असं देखणं, रायगडाच्या कड्यावरून उतरलेलं नावही मिळालं. पण चाळिशी ओलांडलेल्या प्रवाशाच्या तोंडी एशियाडच बसलंय.

ज्या स्पर्धेवरून हे नाव पडलं, ती आशियाई क्रीडा स्पर्धा दिल्लीत 1982 साली झाली. 19 नोव्हेंबरला सुरू झाली, 4 डिसेंबरला संपली. आपली आठवण मागे राहावी म्हणून अशा स्पर्धा काय काय करतात! बोधचिन्ह काढतात, शुभंकर ठरवतात, गाणं रचून घेतात, तिकिटं आणि नाणी काढतात, टोप्या नि किचेन विकतात. महाराष्ट्रात या सगळ्यातून टिकली ती एक बस, आणि तिच्यामागे कुठल्याही जाहिरात कंपनीचं डोकं नव्हतं. शुभंकर नावाच्या प्राण्याची वंशावळ शोधताना हे आधी सांगून टाकलेलं बरं.

वंशावळीचं आपल्याकडचं टोक मात्र दिल्लीला नाही, अंबरनाथला आहे. तिथे रिक्षात बसून 'विमको नाका' म्हटलं की पत्ता पुरा होतो. विमको म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. स्वीडनच्या काडेपेटी उद्योगाने 1920च्या दशकात भारतात पाय रोवला आणि अंबरनाथला कारखाना टाकला. काडेपेटी ही विकायला फार अवघड वस्तू. एका पेटीत आणि दुसऱ्या पेटीत गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही, किंमत नगण्य, आणि त्या काळातल्या बहुतेक गिऱ्हाइकांना अक्षरओळख नाही. म्हणून पेटीवर चित्र. विमकोचं जहाज घरोघरी पोचलं ते असं. दुकानात जाऊन कंपनीचं नाव कुणी घेत नसे, 'जहाज छाप दे' म्हणत. काडीचा आणि जहाजाचा संबंध काय, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. पुढे अप्पू हत्तीचा आणि उंच उडीचा संबंध काय, हेही कुणी विचारलं नाही.

मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावरही असेच छाप असत: देव, राजे, वाघ, मोटारी. जे चित्र खपलं त्याची नक्कल झाली. काडेपेट्यांची चित्रं जमवणाऱ्यांच्या वह्या पाहाव्यात. एका गाजलेल्या चित्राची भावंडं, चुलतभावंडं तिथे ओळीने चिकटवलेली असतात. प्राणी तोच, फक्त तोंड दुसरीकडे. नाव तेच, एक अक्षर इकडचं तिकडे. ही नक्कल चित्राची बदनामी करी असं मालकांना वाटे. मला उलट वाटतं. ज्या छापाची नक्कल झाली नाही, तो छाप खपलाच नाही असं खुशाल समजावं.

छापातलं चित्र स्थिर असतं. त्याला स्वभाव, हावभाव, कपडे मिळाले ते विसाव्या शतकाच्या मध्याला. एअर इंडियाचा महाराजा 1946चा. एशियन पेंट्सचा गट्टू आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली काढला, कपाळावर बट आणि हातात रंगाचा डबा असलेला वात्रट पोरगा. म्हणजे मुंबईत चित्रातली माणसं माल विकू लागली होती, तेव्हा खेळांच्या जगाला ही युक्ती सुचलेली नव्हती. पहिली आशियाई स्पर्धा मार्च 1951मध्ये दिल्लीतच झाली. अकरा देश, पाचशेच्या आत खेळाडू, पंडित नेहरूंचा संदेश, ध्वजावर सूर्य. शुभंकर नाही, विकायला काही नाही. त्या स्पर्धेची आठवण आज कुणी सांगतो ती सचिन नाग यांच्या पोहण्यातल्या सुवर्णपदकाची.

युक्ती सुचली इंग्लंडला, 1966च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी. रेग हॉय नावाच्या चित्रकाराने युनियन जॅकचा सदरा घातलेला सिंह काढला. त्याचं नाव वर्ल्ड कप विली. हा सिंह चहाचे मग, बाहुल्या, टॉवेल, जे मिळेल त्यावर छापला गेला आणि त्याच्या वापराचे पैसे घेतले गेले. छाप आणि शुभंकर यांतला खरा फरक इथे पडला. जहाज छाप काडेपेटी विकायला होता. विलीच्या बाबतीत विलीच विकायला काढला होता.

ऑलिम्पिकने ही वाट 1972ला म्युनिकमध्ये अधिकृतपणे धरली. वाल्डी नावाचा आखूड पायांचा, लांबोडका डाक्सहुंड कुत्रा, अंगावर रंगीत पट्टे. ओटल आयखर या मोठ्या रचनाकाराच्या चमूचं काम. मॅरेथॉनचा मार्गसुद्धा नकाशावर कुत्र्याच्या आकाराचा आखला होता, म्हणजे धावपटू बिचारे वाल्डीच्या कडेकडेने पळाले. पुढे 1980ला मॉस्कोत मिशा अस्वल आलं. व्हिक्टर चिझिकोव्ह या मुलांच्या पुस्तकांच्या चित्रकाराने ते काढलं होतं, म्हणून त्याच्या चेहऱ्यावर सरकारी छटा नाही. समारोपाला प्रचंड फुग्यांचा मिशा स्टेडियममधून आभाळात गेला. आपल्याला त्याच वर्षी हॉकीचं सुवर्ण मिळालं होतं, त्यामुळे मॉस्को आपल्याकडे तशीही लक्षात आहे.

मिशानंतर दोन वर्षांनी अप्पू. तोपर्यंत आशियाई स्पर्धांना शुभंकर नव्हता, अप्पू हा पहिला. हत्तीचं हसरं पिल्लू, आणि शेजारी जंतरमंतरच्या आकृतीचं बोधचिन्ह. केरळच्या गुरुवायूर देवस्थानाशी नातं असलेला कुट्टीनारायणन हा खराखुरा हत्ती दिल्लीत अप्पू म्हणून मिरवला. तो 2005 साली गेला. दिल्लीत 1984ला अप्पूघर नावाची करमणुकीची बाग उघडली, तीही 2008ला बंद झाली.

आपल्याकडे अप्पू पोचला तो टीव्हीवरून. त्याच वर्षी 15 ऑगस्टला दूरदर्शन रंगीत झालं. मुंबई दूरदर्शन 1972पासून होतंच, पण रंगीत संच ही चैन होती. बहुतेकांनी अप्पू काळा-पांढरा पाहिला, ज्यांच्या घरी संच होता त्यांच्या घरी जाऊन पाहिला. तरी त्या एका हिवाळ्यात गल्लीगल्लीत एकेका गुबगुबीत पोराचं नाव अप्पू पडलं. स्पर्धेचा एक तुकडा प्रत्यक्ष महाराष्ट्रातही झाला, हे फारसं कुणाला आठवत नाही: शिडाच्या बोटींच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल गटात सुवर्ण मिळवलं.

आणि एस.टी.? तेहेतीस देशांचे खेळाडू, पंच, अधिकारी यांना दिल्लीत इकडून तिकडे न्यायला गाड्या हव्या होत्या. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाची पुण्याला दापोडीत स्वतःची कार्यशाळा. तिथे सांगाडा घेऊन त्यावर बसचं अंग चढवण्याचं काम चाले. या स्पर्धेसाठी एस.टी.ने निमआराम गाड्या बांधल्या आणि त्या दिल्लीला पाठवल्या. स्पर्धा आटोपली, गाड्या परत आल्या. आता या चांगल्या गाड्यांचं करायचं काय? महामंडळाने त्या दादर-पुणे मार्गावर घातल्या.

तेव्हाची साधी एस.टी. आठवते ना? एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन अशी बाकं, पाठ ताठ, पुढच्या बाकाची नळी गुडघ्याला. त्या हिशेबात या गाडीत दोन्हीकडे दोन-दोनच आसनं, पाठ टेकवावी तर मागे झुकणारी, भाडं थोडं जास्त. द्रुतगती मार्ग नव्हता. खंडाळ्याच्या घाटात ट्रकच्या मागे तासन्तास काढायचे. त्यात आराम म्हणजे काय ते ज्याने दोन्ही गाड्यांतून प्रवास केला त्यालाच कळेल. ही गाडी कुठली, असं कुणी विचारलं तर वाहक सांगे, एशियाडची. 'ची' काही दिवसांत गळून पडली.

पुढे मूळ गाड्या झिजल्या, मोडीत निघाल्या. नाव दुसऱ्या गाडीवर गेलं, मग तिसऱ्या पिढीतल्या गाडीवर. ज्यांनी दिल्ली कधी पाहिली नाही अशा शेकडो हिरव्या-पांढऱ्या गाड्या एशियाड झाल्या. कल्याण-विठ्ठलवाडीच्या प्रवाशाला तिच्यातून माळशेज घाट चढून जुन्नर-नगरकडे जायचं असो की नाशिक-पुण्याला, एशियाड हा आता दर्जा झाला होता. 'एशियाडने ये' यात आईने लेकाला दिलेली चार पैसे जास्त खर्च करायची परवानगी असे. लग्न ठरवायला जाणारी मंडळी एशियाडने जात. स्पर्धेत भारताला किती पदकं मिळाली हे यांतल्या कुणाला विचारा, उत्तर येणार नाही. नाव मात्र कुणी न शिकवता पाठ. द्रुतगती मार्ग झाल्यावर दादर-पुण्याला शिवनेरी आली, नंतर राज्यभर शिवशाही. त्या दोन्ही नावांसाठी बैठका झाल्या असतील. एशियाडसाठी झाली नव्हती.

जहाज छापाचंही असंच झालं होतं. वस्तू रोज हाताला लागते, काम करते, आणि तिला बोलवायला काहीतरी लागतं. अप्पूचं दुर्दैव असं की सोळा दिवसांनंतर त्याला काही कामच उरलं नाही.

आता उल्हासनगर. शुभंकरांचा इतिहास लिहिताना उल्हासनगर टाळणारा लेखक एकतर भिडस्त तरी किंवा त्या बाजारात कधी न गेलेला तरी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत वसवलं गेलं. माणसं लाखाच्या घरात. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. पत्ता मात्र अजून 'कॅम्प नंबर' याच हिशेबात सांगतात, एक ते पाच. जमीन, गिरणी, वतन काही बरोबर आणता आलं नव्हतं. हातात होता व्यापार. पापडापासून सुरुवात झाली आणि बराकींच्या पुढच्या-मागच्या खोल्यांत कारखाने निघाले. मग तो जुना विनोद: मालावर 'मेड इन यूएसए' छापतात आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. साऱ्या महाराष्ट्राने तो इतक्यांदा सांगितलाय की 'उल्हासनगरचा माल' म्हणजे नकली माल हा अर्थ पक्का होऊन बसला.

या विनोदात एक अन्याय आहे. एक नमुना समोर ठेवून, तो उसवून, त्याचा कागदी साचा काढून, स्वस्त कापडात आठवड्याभरात तसाच उभा करणं हे हुनर आहे. याच हुनरावर कॅम्प चार-पाचच्या गल्ल्यांत जीन्सचा मोठा धंदा उभा राहिला. कटिंग एकीकडे, शिलाई दुसरीकडे, बटणं-रिव्हेट तिसरीकडे, आणि धुलाई वालधुनीच्या काठी. त्या धुलाईने नदी निळी-काळी केली, प्रकरण हरित लवादापर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि धुलाईचे कारखाने बंद करावे लागले. वालधुनी अंबरनाथच्या डोंगरातून निघते, 1060 सालच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरात शिरते. तिचं जे झालं ते हुनराचं कौतुक करताना झाकून ठेवता येणार नाही.

पण नकलेचा प्रश्न वेगळा. खेळांच्या जगाने नेमक्या याच काळात आपली चित्रं कुलपात घातली. माँट्रियलने 1976चं ऑलिम्पिक भरवून जे कर्ज केलं ते फेडायला तीस वर्षं गेली. ते पाहून लॉस एंजेलिसने 1984ला मोजके प्रायोजक घेतले, त्यांच्याकडून भरपूर पैसे घेतले, आणि डिस्नेच्या चित्रकाराने काढलेला सॅम गरुड विकला. स्पर्धा नफ्यात गेली. तेव्हापासून बोधचिन्ह ही तिजोरी झाली. ऑलिम्पिकच्या पाच कड्यांसाठी तर 1981 सालचा नैरोबी करार आहे, आणि भारत त्यात आहे. आज विश्वचषकाच्या मैदानाभोवती कुठल्या पाण्याची बाटली दिसावी इथपर्यंत नियम असतात. अप्पूच्या वेळी हे नव्हतं असं नाही, पण वचक नव्हता. अप्पू दप्तरावर, कंपासपेटीवर, फुग्यावर, कुणालाही न विचारता गेला. जिथे तो गेला तिथे त्याला लोकांनी पाहिलं.

त्यानंतरचे शुभंकर पाहा. 2008च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याला बालेवाडीत राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाली. तिचा शुभंकर जिगर, वाघाचा तरुण छावा, दिल्लीच्या 2010च्या राष्ट्रकुल स्पर्धेतल्या शेराचा धाकटा भाऊ. 2011च्या क्रिकेट विश्वचषकाचा स्टंपी हत्ती. अंतिम सामना वानखेडेवर 2 एप्रिलला झाला, धोनीचा षटकार सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे, स्टंपी कुणाच्याच नाही. 2017ला सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल विश्वचषक आला, त्यातले सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होते, म्हणजे बदलापूरहून ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बरने गाठावं इतक्या जवळ. शुभंकर होता खेलियो, ईशान्येच्या जंगलातला ढगाळ बिबट्या. 2022ला मुलींच्या विश्वचषकाची इभा सिंहीण, तिचा अंतिम सामनाही नेरूळलाच. घरात एकदा विचारून पाहावं यांतलं कोण आठवतं.

सगळे एकाच पठडीतले. एक प्राणी, शक्यतो दुर्मीळ, मग प्रसिद्धिपत्रकात त्याची धडाडी, मैत्री, पर्यावरणप्रेम, संगणकावर घोटून गुळगुळीत केलेलं अंग, हात वर. चित्रात दोष काढायला जागा नाही, हाच दोष. वाल्डीचे आखूड पाय, गट्टूची बट, अप्पूचं पोट यांना धरायला काहीतरी होतं.

या रांगेतलं एक अलीकडचं चित्र महाराष्ट्राच्या जवळचं आहे. जानेवारी 2025मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. शुभंकर तेजस आणि तारा, हरणांची जोडी. इथे प्राण्याचा खेळाशी संबंध तरी आहे. खांबाजवळ क्षणात दिशा बदलणारा धावक हरणासारखाच वळतो. दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळला हरवून भारताने दोन्ही चषक घेतले: महिलांनी 78-40, पुरुषांनी 54-36. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. महिला संघात ठाणे जिल्ह्याची रेश्मा राठोडही होती.

कबड्डी 1982च्या एशियाडमध्ये प्रदर्शनापुरती खेळली गेली आणि 1990ला बीजिंगमध्ये पदकाचा खेळ झाली. खो-खोला आपल्या विश्वचषकासाठी 2025 उजाडावं लागलं. याचं एक कारण, मला वाटतं, दुकानाच्या बाजूने बघितलं की दिसतं. खो-खोला लागतं काय? दोन खांब, फक्कीच्या रेघा आणि मैदान. बॅट नाही, रॅकेट नाही, चेंडूसुद्धा नाही. प्रायोजकाने नाव छापायचं कशावर? उल्हासनगरने नक्कल करायची कशाची? 2022ला अल्टिमेट खो-खो लीगचा पहिला हंगाम बालेवाडीत झाला, तेव्हा मॅट, बूट, रंगीत जर्सी आल्या आणि खेळाला विकण्यासारखं अंग फुटलं. तेजस-तारा त्या अंगावरचा पहिला दागिना. बदलापूरच्या मैदानात सराव करणाऱ्या मुलींना प्रियांका इंगळे ठाऊक असणार. ताराचं चित्र त्यांच्या दप्तरावर दिसायचं असेल, तर ते दप्तर कॅम्पातल्या बाजारात दीडशे-दोनशे रुपयांत मिळायला हवं, आणि नेमकं तेच कुणी होऊ देत नाही.

2030ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहे. शुभंकर येणार. त्याचे हक्क मोठ्या कंपन्यांना जातील, टी-शर्ट स्टेडियमच्या दुकानात हजार-दीड हजाराला टांगलेला असेल. आयोजकांनी त्याबरोबर एक छोटा परवानाही काढावा: दहा शिलाई यंत्रांच्या कारखानदाराला परवडेल एवढ्या फीचा, चित्राची फाइल आणि रंगांचे नंबर हातात देणारा. कॅम्प पाचमधून अर्ज येतील याची खात्री बाळगावी. परवाना नाही काढला तरी माल निघेलच, फक्त त्यावरच्या प्राण्याचे डोळे जरा तिरळे असतील.